टेबलात सॉर्टिंग चुकतंय? कोडला हात लावायच्या आधी हे बघा

हेडरवर क्लिक केलं की ओळी भलत्याच क्रमाने लागतात, ही तक्रार मी गेली कित्येक वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी सोडवतोय. सोसायटीचं मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर, पतसंस्थेचं जुनं जावा ॲप, गोडाऊनचा स्टॉक, जागा बदलते पण दुखणं तेच. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. (आकडे मराठीत लिहितोय, कोडमधे ते इंग्रजी समजा. मराठी आकड्यांची वेगळी गंमत आहे, ती पुढे येईल.)

आधी लक्षणं. तुमचं यातलं कुठलं ते बघा:

- १ नंतर १०, मग ११, मग २. वॉर्ड नंबर, फ्लॅट नंबर, पावती नंबर, सगळ्यांना हेच.
- थकबाकी मोठ्यापासून लावली तर ९,५०० सगळ्यात वर आणि १,२०,००० खाली कुठेतरी.
- तारखा लावल्या की सगळ्या महिन्यांच्या १ तारखा एका जागी गोळा, मग सगळ्या २ तारखा.
- रिकामे सेल कधी वर, कधी खाली, कधी मधेच पेरल्यासारखे.
- "एकूण"ची ओळ उठून टेबलाच्या मधे जाऊन बसते.
- क्लिक केलं तर काहीच होत नाही, मग वैतागून दुसरीकडे कुठे क्लिक केलं की अचानक सॉर्ट होतं.
- मराठी आडनावं लावली तर क्रम शाळेतल्या मुळाक्षरांसारखा दिसत नाही.
- पहिल्या पानावर दिसलेलं नाव दुसऱ्या पानावर परत, आणि एखादं नाव कुठल्याच पानावर नाही.
- ओळी बरोबर लागलेल्या दिसतात पण ओळीवर डबल क्लिक केलं की दुसऱ्याच माणसाचं खातं उघडतं.

हे शेवटचं होत असेल तर बाकीचं वाचत बसू नका, आधी त्या स्क्रीनवरचं सॉर्टिंग बंद करून टाका आणि मग खाली "दुसऱ्याचं खातं उघडतंय" तिथे या. बाकी सगळं डोळ्याला खुपणारं आहे, हे पैशाला लागणारं आहे.

फुकटातली तपासणी: सॉर्टकडे नेमकं काय जातंय ते छापून बघा

पाच मिनिटांचं काम आहे आणि नव्वद टक्के लोक हेच करत नाहीत (टक्का माझ्या वैतागातून आलाय, मोजलेला नाही). तो कॉलम घ्या, पहिल्या वीस ओळींची किंमत (सेलमधली व्हॅल्यू, रुपये नव्हे) आणि तिचा टाइप (आकडा की मजकूर) कन्सोलवर, म्हणजे प्रोग्रॅमचे संदेश दिसतात त्या खिडकीत, छापा. स्क्रीनवर जे दिसतं ते बघून काहीच कळत नाही, कारण स्क्रीनवर १० हा आकडा आणि "१०" हा मजकूर दोन्ही सारखेच दिसतात.

जावास्क्रिप्टच्या सॉर्टला तुम्ही तुलना कशी करायची ते सांगितलं नाही तर तो प्रत्येक गोष्टीचा आधी मजकूर करतो आणि अक्षराला अक्षर लावून बघतो. आकड्यांची यादी दिली तरी! १, २, १० दिलं तर १, १०, २ मिळणार. म्हणजे पहिलं लक्षण हा बग नाहीये, असंच ठरवलेलं आहे, आणि ते बदलायचं तर तुलनेचं फंक्शन तुम्हालाच द्यावं लागतं.

जावा स्विंगमधे (जावाची डेस्कटॉप स्क्रीन बनवायची लायब्ररी) हेच दुसऱ्या दाराने येतं. जेटेबलला, म्हणजे तिच्यातल्या टेबलाला, जावा ६ पासून टेबलरोसॉर्टर मिळाला, तो आधी बघतो की तुम्ही त्या कॉलमला कंपॅरेटर (तुलनेचं फंक्शन) दिलाय का, नसेल तर कॉलमचा क्लास काय आहे. आणि डिफॉल्टटेबलमॉडेल (मॉडेल म्हणजे टेबलामागचा डेटा) प्रत्येक कॉलमचा क्लास "ऑब्जेक्ट" म्हणून सांगतं. मग सॉर्टर बिचारा काय करणार, टूस्ट्रिंग करून (प्रत्येक गोष्टीचा मजकूर करून) मजकूर म्हणून लावतो. आत इंटिजर भरलेत हे त्याला माहीतच नाही. मॉडेलमधलं गेटकॉलमक्लास ओव्हरराइड करून खरा क्लास सांगा, चार ओळींचं काम. माझ्याकडे आलेल्या स्विंगच्या निम्म्या केसेस इथेच संपल्यात आणि त्याचे पैसे घ्यायला लाज वाटते पण घेतो.

रक्कम, तारीख आणि ते दिखाऊ फॉरमॅट

आता किंमत मजकूर निघाली तर ती मजकूर का झाली ते शोधा. बहुतेक वेळा कोणीतरी डेटा आणतानाच सजवून आणलेला असतो, रुपयाचं चिन्ह, स्वल्पविराम, शेवटी "/-". मग पुढचा माणूस म्हणतो सोपं आहे, पार्सफ्लोट (जावास्क्रिप्टचं मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) लावू, आणि इथे खरी मजा येते कारण पार्सफ्लोट पहिल्या स्वल्पविरामाला थांबतो. "१,२०,०००" दिलं तर त्याचं उत्तर १. "९,५००" चं उत्तर ९. म्हणजे लाखाची थकबाकी असलेला सभासद यादीत तळाला, आणि एररही येत नाही. पार्सफ्लोटच्या ऐवजी नंबर हे फंक्शन वापरलं तर निदान नॅन ("हा आकडाच नाही") तरी मिळतं, म्हणजे काहीतरी बिघडलंय हे कळतं. चुकीचं उत्तर शांतपणे देणाऱ्यापेक्षा बोंब मारणारा बरा.

मराठी आकडे: एका ठिकाणी ऑपरेटर मॅडम मराठी कीबोर्डवर होत्या, तो चालू ठेवूनच त्यांनी दोनशे ओळी रकमेसकट भरल्या. देवनागरी आकड्यांना जावास्क्रिप्टचं नंबर नॅन म्हणतं. छापून बघितलं नसतं तर मी आठवडाभर तुलनेचं फंक्शनच उसवत बसलो असतो, कारण स्क्रीनवर सगळं सुंदर मराठीत दिसत होतं. डेटा आत घेतानाच दहा आकड्यांची अदलाबदल करून टाका, सॉर्टच्या वेळी नको.

तारखांचं त्याहून वाईट. ०५/११/२०२३ म्हणजे आपल्याकडे ५ नोव्हेंबर. जावास्क्रिप्टच्या डेटला असाच मजकूर दिला तर क्रोम तो ११ मे समजतं, अमेरिकेच्या पद्धतीने. आणि २५/१२/२०२३ दिलं तर पंचविसावा महिना नसल्यामुळे अवैध तारीख. म्हणजे महिन्यातल्या १२ तारखेपर्यंतच्या ओळी चुकीच्या पण व्यवस्थित लागलेल्या, आणि १३ च्या पुढच्या इकडेतिकडे. कोणी "अर्ध्या ओळी नीट लागतात, अर्ध्या नाही" असं म्हणालं की मी फोनवरच विचारतो, तारखेचा कॉलम आहे का. तारीख डेटामधे वर्ष-महिना-दिवस अशी ठेवा, शून्यांसकट, मग ती साधा मजकूर म्हणून लावली तरी बरोबर लागते. दाखवताना काय हवं ते दाखवा.

माझं सगळं म्हणणं खरं तर इथेच आलं. सेलमधे दिसतं ते वेगळं आणि क्रम लावायला जातं ते वेगळं, या दोन गोष्टी एकाच खिशात ठेवल्या की कधी ना कधी हे होणारच. प्रत्येक कॉलमला दोन फंक्शनं द्या, एक दाखवायचं, एक क्रमाची किंमत काढायचं. क्युटी या डेस्कटॉप लायब्ररीत यासाठी सॉर्टरोल आहे (मुद्दाम बदलला नाही तर तो डिस्प्लेरोलच, म्हणजे दाखवायची किंमत असतो, म्हणजे परत तोच खड्डा), वेबच्या डेटाटेबल्स लायब्ररीत सेलला डेटा-ऑर्डर लावता येतं. सोय सगळीकडे आहे हो, वापरायची कोणाला आठवत नाही.

रिकामे सेल

आता किंमती नीट आहेत तरी रिकामे सेल नाचतायत. मग बघा की रिकामं म्हणजे नेमकं काय: नल (मुद्दाम रिकामं ठेवलेलं), अनडिफाइन्ड (किंमत दिलीच नाही), रिकामी स्ट्रिंग (शून्य अक्षरांचा मजकूर), की "-" असा डॅश? एकाच कॉलममधे चारही सापडलेत मला.

जावास्क्रिप्टमधे यांची वागणूक वेगवेगळी आहे. यादीतच थेट अनडिफाइन्ड असेल तर तो नेहमी शेवटी जातो, तुमच्या फंक्शनला कोणी विचारतही नाही. पण ओळीच्या आतली किंमत अनडिफाइन्ड असेल (आणि टेबलात तीच असते) तर वजाबाकी करून नॅन येतं, आणि सॉर्ट नॅनला शून्य समजतो, म्हणजे "दोन्ही सारखे". आता क सारखा ख, ख सारखा ग, पण क आणि ग मधे फरक, असं झालं की क्रमाला काही अर्थच राहत नाही, आणि नुसते रिकामे सेल नाही तर आजूबाजूच्या चांगल्या ओळीही विस्कटतात. नलचं अजून तिसरंच, वजाबाकीत तो शून्य होतो, म्हणून ज्याची नोंदच नाही तो माणूस शून्य थकबाकीवाल्यांच्या रांगेत जाऊन बसतो. सोसायटीच्या सेक्रेटरींना हे समजावणं अवघड जातं.

लोक चढत्याचं उतरतं करायला सरळ रिव्हर्स मारतात. तसं केलं की खाली असलेले रिकामे सेल वर येतात, आणि वापरणारा माणूस "सगळ्यात मोठी थकबाकी" बघायला क्लिक करतो तर पहिल्या दोन स्क्रीन नुसत्या कोऱ्या. शिवाय सारख्या किमतीच्या ओळींचा आपसातला क्रमही उलटा होतो. म्हणून आधी रिकाम्याचा निकाल लावा: एक रिकामा असेल तर तो खाली, दोन्ही दिशांना, विषय संपला. दोन्ही भरलेले असतील तरच तुलना करा आणि त्या उत्तराला दिशेप्रमाणे उणे एकने गुणा.

स्विंगवाल्यांना एक सूचना. तुम्ही कंपॅरेटरमधे नल कसा हाताळायचा याच्यावर कितीही मेहनत घ्या, तो नल तुमच्यापर्यंत पोचतच नाही. डिफॉल्टरोसॉर्टर आधीच ठरवून टाकतो की नल सगळ्यात लहान, आणि उतरत्या क्रमात ते उत्तर उलटवतो. मी या गोष्टीवर एक अख्खी रविवारची दुपार घालवलीय. नल खालीच हवा असेल तर मॉडेलमधून नलच्या जागी स्वतःची "रिकामं" अशी वस्तू द्या, म्हणजे ती कंपॅरेटरपर्यंत येते. पण दिशा उलटली की उत्तरही उलटणार हे डोक्यात ठेवा, कंपॅरेटरला दिशा कोणी सांगत नाही, ती तुम्हालाच सॉर्टरच्या सॉर्टकीजमधून (कुठला कॉलम, कुठली दिशा याची नोंद) वाचून घ्यावी लागते.

तुलनेचं फंक्शन खोटं बोलतंय का

इथपर्यंत डेटा होता, आता कोड. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे फंक्शन "मोठा आहे का" याचं फक्त हो किंवा नाही असं उत्तर देतं. सॉर्टला तीन उत्तरं लागतात, उणे, शून्य, अधिक. हो म्हणजे १, नाही म्हणजे ०, उणे कधी येतच नाही. जुन्या क्रोममधे दहापर्यंतच्या याद्यांना हे योगायोगाने चालून जायचं. २०१८ च्या क्रोम ७० पासून आतली पद्धत बदलली, टिमसॉर्ट आला आणि असा कोड उघडा पडला. "काल चालत होतं, काही बदललं नाही तरी बंद पडलं" याचं हे एक खरं कारण होतं तेव्हा, गिऱ्हाईक खोटं बोलत नव्हतं.

त्याच बदलात एक चांगली गोष्टही झाली, सारख्या ओळी आपला आधीचा क्रम सोडत नाहीत याची खात्री मिळाली, आणि २०१९ च्या जावास्क्रिप्टच्या मानकात ते सक्तीचंच झालं. त्याआधी क्रोममधे दहापेक्षा मोठ्या यादीत ही खात्री नव्हती. आता आधी नावाने लावा, मग वॉर्डने लावा, प्रत्येक वॉर्डमधे नावं नीट राहतात. यावर विसंबता येतं, पण "आधी वॉर्ड मग नाव" असा क्रम हवाच असेल तर तो सरळ फंक्शनमधे लिहिलेला बरा, वापरणारा कुठल्या क्रमाने क्लिक करेल याचा नेम नाही.

जावामधे तर फंक्शन विसंगत असलं की जावा ७ पासून सरळ एक्सेप्शन (काम थांबवणारी एरर) येतं, "कंपॅरिझन मेथड व्हायोलेट्स इट्स जनरल कॉन्ट्रॅक्ट", म्हणजे तुलना नियम मोडतेय. पण ते नेहमी येत नाही! जावाचा सॉर्ट यादीचे तुकडे लावून मग जोडतो, पण ३२ पेक्षा कमी ओळी असतील तर तो तुकडे जोडायच्या पायरीवर जातच नाही आणि एक्सेप्शनही येत नाही. टेस्टिंगला वीस ओळींचा डेटा, गिऱ्हाइकाकडे दोन हजार, आणि सोमवारी सकाळी फोन. टेस्ट करताना निदान काही शे ओळी घ्या आणि त्यात नल, सारख्या किमती, उणे रकमा मुद्दाम घाला.

"काहीच होत नाही, मग अचानक होतं" या लक्षणाचं कारणही इथेच. जावास्क्रिप्टचा सॉर्ट मूळ यादीच बदलतो. रिॲक्टला (वेबची स्क्रीन रंगवणारी लायब्ररी) वाटतं यादी तीच आहे, त्यामुळे तो परत रंगवत नाही, मग दुसऱ्या कारणाने रंगवलं की नवा क्रम दिसतो. यादीची प्रत काढून ती सॉर्ट करा, किंवा नव्या ब्राउझरात टूसॉर्टेड आहे (२०२३ च्या मानकातला), तो प्रतच देतो. आणि रिॲक्टमधे ओळींना की (ओळीची ओळख) म्हणून इंडेक्स (ओळीचा यादीतला नंबर) देऊ नका, ओळ हलते पण तिच्यातला टाइप केलेला मजकूर जुन्या जागीच राहतो, मग पाटलांचा शेरा जोश्यांच्या ओळीत.

ठरवून दिलेला क्रम आणि "एकूण"

स्टेटसचा कॉलम मुळाक्षरांप्रमाणे लावला तर "चालू, थांबलेलं, नवीन, पूर्ण" असं काहीतरी येतं, जे कोणालाच नको असतं. तिथे प्रत्येक स्टेटसला नंबर द्या, नवीन १, चालू २, असं. एकच सांभाळा, उद्या कोणी "परत पाठवलं" असं नवं स्टेटस आणलं तर तक्त्यात त्याला नंबर सापडणार नाही आणि परत ते अनडिफाइन्ड, परत नॅन, परत वरचा सगळा खेळ. न सापडणाऱ्याला ९९९ देऊन टाका.

फ्लॅट नंबर, गट नंबर वगैरेंना (४५/२, ४५/१०, "बी-७") कोलेटरमधे (जावास्क्रिप्टचं भाषेप्रमाणे तुलना करणारं साधन) न्यूमेरिक चालू केलं की छान लागतं, मधले आकडे आकडे म्हणूनच वाचले जातात, अगदी देवनागरी आकडेसुद्धा. पण हीच युक्ती रकमेला लावू नका. त्याला दशांश कळत नाही, १.२५ हा १.५ च्या नंतर लागेल कारण २५ पाचापेक्षा मोठा. उणे चिन्हही कळत नाही.

एकूणची ओळ: ती डेटात असूच नये, बास. बऱ्याच टेबलांत तुलनेच्या फंक्शनला नुसत्या दोन किंमती मिळतात, त्या कुठल्या ओळीतल्या ते त्याला माहीत नसतं (स्विंगमधे तर अजिबात नाही), त्यामुळे "ही ओळ एकूणची आहे, हिला खाली ठेव" हे तिथे सांगायला जागाच नाही. लोक मग रकमेच्या कॉलममधे एकूणला प्रचंड मोठा आकडा देतात, मग उतरत्या क्रमात ती वर, मग तिथे उणे... नका करू. खाली वेगळं फूटर ठेवा. तेच "वर चिकटवलेल्या" ओळींचं, सॉर्टच्या आधी बाजूला काढा, सॉर्ट करा, परत वर जोडा.

मराठी नावं

यात मी जरा जास्त वेळ घालवतो कारण इंग्रजीवाल्यांनी लिहिलेल्या कुठल्याच मदतीत हे सापडत नाही.

युनिकोडमधे (संगणकावर प्रत्येक अक्षराला नंबर देणारी पद्धत) ळ हा ल आणि व यांच्या मधे बसवलाय. आपल्या मुळाक्षरांत तो ह च्या नंतर. त्यामुळे साध्या तुलनेत काळे, कावळे, कासार असं लागतं, आणि मुळाक्षरांप्रमाणे हवं असतं कावळे, कासार, काळे. क्षीरसागरांचं तर विचारू नका, क्ष हा आत क, हलंत, ष असा लिहिला जातो आणि हलंताचा नंबर सगळ्या मात्रांच्या नंतर येतो, म्हणून क्षीरसागर कोरड्यांच्याही खाली, खरातांच्या वर. ज्ञानेश्वर तसाच ज च्या शेपटीला.

उपाय म्हणजे नुसतं मोठा-लहान न बघता इंटलचा (जावास्क्रिप्टमधल्या भाषांच्या सोयी) कोलेटर मराठी लोकेल, म्हणजे भाषेची निवड, देऊन वापरायचा. तो एकदाच बनवा आणि तोच वापरत राहा. दहा हजार ओळींना साधारण लाखाच्या वर तुलना होतात आणि प्रत्येक तुलनेत लोकेलकंपेअर (तीच भाषेप्रमाणे तुलना, पण दर वेळी नव्याने) बोलावलं तर टेबल हलेनासं होऊ शकतं. मग कावळे, कासार, काळे, क्षीरसागर, ज्ञानेश्वर ही पाच नावं टाकून तुमच्या ब्राउझरात काय येतं ते डोळ्याने बघा. सर्व्हरवर नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) असेल तर तिथेही बघा, नोड १३ च्या आधी नेहमीच्या बिल्डमधे फक्त इंग्रजीचा डेटा असायचा, मराठी मागितलं तर तो गुपचूप दुसरंच वापरायचा. आणि गिऱ्हाइकाला विचारा की क्ष कुठे शोधणार, काही ऑफिसांत लोक क मधेच शोधतात. ते म्हणतील तो क्रम बरोबर, तुमचं व्याकरण नाही.

याच्याही पुढची गंमत: गोऱ्हे हे आडनाव दोन तऱ्हांनी टाइप होतं. एकात ऱ हे वेगळं अक्षर आणि हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि एक न दिसणारा जोडणारा कोड. दिसायला हुबेहूब. दोन गोऱ्हे शेजारी यायला हवेत तर मधे तीन दुसरी माणसं. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं अक्षर एकसारखं करणं) करूनही हे एक होत नाहीत, बदली स्वतःच करावी लागते. एक्सेलमधून पेस्ट केलेल्या नावांच्या पुढे-मागे जागा सुटलेल्या असतात, त्या ट्रिमने (कडेच्या जागा कापणारं फंक्शन) जातात, पण शून्य रुंदीची जागा ट्रिमने जात नाही. "नाव बरोबर आहे पण सगळ्यात खाली/वर का" याचं उत्तर बऱ्याचदा असली अदृश्य भुतं असतात. नावाची लांबी छापून बघा, भूत दिसतं.

पानांची टेबलं

सर्व्हर एका वेळी ५० ओळी देतो आणि सॉर्ट ब्राउझरात होतो, म्हणजे तुम्ही फक्त त्या ५० लावताय. "सगळ्यात मोठी थकबाकी" म्हणून जी दिसते ती त्या पानावरची मोठी. पानं असतील तर क्रम डेटाबेसनेच लावायचा, अर्धं इथे अर्धं तिथे चालत नाही.

तिथेही नाव दोनदा येतंय किंवा गायब होतंय तर ऑर्डर बायमधे (डेटाबेसला क्रम सांगायचा भाग) शेवटी आयडी (प्रत्येक ओळीचा वेगळा कायमचा नंबर) घाला. रक्कम सारखी असलेल्या ओळींचा आपसातला क्रम डेटाबेस दर वेळी तोच ठेवेल असं बंधन त्याच्यावर नाही, पहिल्या पानाच्या वेळी एक क्रम, दुसऱ्याच्या वेळी दुसरा, आणि मधला माणूस फटीत पडतो. आयडी घातला की बरोबरी उरत नाही. आणि डेटाबेस बदललात तर लक्षात ठेवा, मायएसक्यूएल चढत्या क्रमात नल वर ठेवतं, पोस्टग्रेस खाली.

दुसऱ्याचं खातं उघडतंय

एका पतसंस्थेत स्विंगचं जुनं ॲप होतं, तिथल्या क्लार्कनी नावाने यादी लावली, एक ओळ निवडली, "खाते बंद" दाबलं आणि वेगळंच खातं बंद झालं. नशिबाने बंद केलेलं परत चालू करता येत होतं. कारण एका ओळीचं. जेटेबलला निवडलेली ओळ विचारली की तो स्क्रीनवरचा नंबर देतो, आणि कोड तोच नंबर मॉडेलला देऊन खातं काढत होता. सॉर्ट नसताना दोन्ही नंबर एकच असतात म्हणून वर्षानुवर्षं चाललं, मग कोणीतरी हौसेने ऑटोक्रिएटरोसॉर्टर (हेडरवर क्लिक करून सॉर्ट करायची सोय) चालू केला. मधे स्क्रीनवरच्या नंबराचा मॉडेलमधला नंबर करणारं कन्व्हर्टरोइंडेक्सटुमॉडेल घालावं लागतं. वेबवरही हेच होतं, ओळीचा इंडेक्स घेऊन मूळ यादीतून काढलं की संपलं. ओळीच्या कामाला नेहमी आयडी, इंडेक्स कधीच नाही.

पण कोड दुरुस्त केला म्हणजे काम झालं असं समजू नका. सॉर्टिंग चालू केल्याच्या तारखेपासून आजपर्यंत कोणकोणत्या ओळींवर काय काय झालं हे तपासायला लागतं, आणि पैशाचा व्यवहार असेल तर ते तुमचं काम नाही. लेखापाल आणि ज्यांनी ते सॉफ्टवेअर बांधलं ते, दोघांना बसवा. आपण मधे पडून डेटाबेसात हाताने दुरुस्त्या केल्या तर पुढे सगळ्याच चुका आपल्या नावावर जातात.

अजून कुठे थांबायचं

डेटाबेसच्या सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम बदलली आणि त्यानंतर क्रम बिघडला असेल तर थांबा. लिनक्समधल्या जीलिबसी या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत (२०१८) अक्षरांचा क्रम बराच बदलला, आणि पोस्टग्रेस तिच्यावर विसंबून असेल तर जुने इंडेक्स (डेटाबेसने पटकन शोधायला ठेवलेल्या क्रमवार याद्या) जुन्या क्रमाचे, नवा सर्व्हर नव्या क्रमाचा. मग असलेली ओळ शोधून सापडत नाही, युनिक म्हणवणाऱ्या कॉलममधे दुहेरी नोंदी घुसतात. इंडेक्स परत बांधावे लागतात, आणि ते चालू सिस्टीमवर, बॅकअप न घेता, तुम्ही किंवा मी करायचं काम नाही, डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) बोलवा.

दुसरं, ओळी लाखांत असतील आणि क्लिकनंतर टेबल दहा सेकंद गोठत असेल. क्रमाची किंमत ओळीमागे एकदाच काढून ठेवणं, कोलेटर एकदाच बनवणं एवढं करून बघा. तरी सुटलं नाही तर ते बॅकएंडचं (सर्व्हरचं) काम आहे, फ्रंटएंडला (स्क्रीनच्या कोडला) पिळून काही निघणार नाही.

आणि ज्याला बोलवाल त्याला "सॉर्ट चालत नाही" एवढंच सांगू नका. चुकीच्या लागलेल्या शेजारशेजारच्या दोन ओळी, त्या कॉलममधल्या त्यांच्या कन्सोलवर छापलेल्या किमती टाइपसकट, आणि कुठला क्रम अपेक्षित होता ते, एवढं एका मेसेजमधे पाठवा. नावं-रकमा खऱ्या असतील तर बदलून पाठवा, पण नावातल्या अदृश्य जागा जशाच्या तशा राहू द्या, नाहीतर भूत तुमच्याकडेच राहतं आणि त्याच्याकडे सगळं व्यवस्थित चालतं.